नवघरच्या विहिरीचं वय

पाण्यालाही वय असतं, हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई खो खो हसली. "मग बारसंपण करत असाल तुमच्या लॅबमध्ये," असं म्हणून ती कोकमं उन्हात घालायला गच्चीवर निघून गेली. बाबा हसले नाहीत. त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कसं मोजतात गो?"

मी तेव्हा नुकतीच एमएस्सी होऊन मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत तात्पुरत्या नोकरीला लागले होते. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी किती जुनं आहे ते शोधायचं, असं काम. दोन हजार सालानंतरची तीनचार वर्षं उलटलेली. बाबांची गिरणी बंद पडली होती, लालबागची खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला वन रूम किचनमध्ये आलो होतो आणि बाबा दिवसभर घरात असायचे. गिरणीत ते टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत आलं, किती वाजता बाहेर गेलं, हे त्यांनी आयुष्यभर लिहिलं. आता ते आईला सांगायचे, "दूधवाला आज सहा मिनिटं उशिरा आला," आणि आई म्हणायची, "मग काय त्याचा खाडा लावू?"

मी त्यांना समजावलं. पावसाच्या पाण्यात ट्रिटियम नावाचा जड हायड्रोजन अगदी किंचित असतो. पाणी जमिनीत मुरलं की नवा मिळत नाही, आणि असतो तो आपोआप कमी होत जातो, साधारण बारा वर्षांत निम्मा. तेव्हा विहिरीच्या पाण्यात तो किती उरलाय हे मोजलं की पाणी कधी आत शिरलं याचा अंदाज येतो. मला वाटलं, एवढ्यात ते जांभई देतील. ते म्हणाले, "म्हणजे पाणी आत जाताना कार्ड पंच करतं, आणि तुम्ही ते कार्ड बघता." पुढे कितीतरी सभांमध्ये मी हे वाक्य माझं म्हणून खपवलं आहे.

मे महिना अर्ध्यावर आला की हे सगळं न विचारता येऊन बसतं. मिठाचा हंगाम संपत आलेला असायचा. आमच्या गच्चीवरून खाडीच्या बाजूची मिठागरं दिसायची, आणि त्यांच्या कडेने पांढऱ्या ढिगांच्या रांगा. दुपारी त्यांच्याकडे बघवत नसे, डोळे दिपायचे. पावसाच्या आत मीठ उचलायची घाई चाललेली, ढिगांवर गवत घालून शाकारणी चाललेली. वारा सुटला की आई नाक वर करून म्हणायची, "उत्तनला बोंबील सुकत घातलेत." उत्तन कुठे, आम्ही कुठे. बोंबील आमच्या खालच्याच मजल्यावर तळले जात असत, पण आईला समुद्राकडून वास आलेला आवडायचा. रत्नागिरीची होती ती. ओठांवरून जीभ फिरवली तर खारट लागे, कळशी खारट, पंख्याच्या पात्यांवर गंज. गोड पाणी म्हणजे काय चीज असते, ते अशा गावात राहिल्यावरच कळतं.

म्हणूनच नवघरच्या हिराकाकींची विहीर सगळ्यांना माहीत होती. आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या गावात. नळाला पाणी आलं नाही की आई कळशी घेऊन तिथेच जायची. हिराकाकी आगरी, पन्नाशीच्या, नवरा वारलेला. आवाज असा खणखणीत, की कुजबुजल्या तरी चार घरांना ऐकू जावं. भोवताली बिल्डिंगा उठल्या होत्या, पलीकडे भरतीचं खारं पाणी शिरणारं खाजण, आणि मध्ये ही दगडी काठाची विहीर, भर मे महिन्यात गोड.

जमीन हिराकाकी आणि त्यांचे धाकटे दीर जनार्दन यांची सामाईक. जागा बिल्डरला द्यायचं ठरलं होतं, काकींचीही ना नव्हती. घोडं अडलं होतं विहिरीवर. ती बुजवायची की सोडायची? जनार्दन काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणायचा, "भोवती एवढ्या बोअर मारल्यात, वैनी. आजचं गोड पानी म्हंजे जुना साठा असनार. तो संपला की खारं शिरनार. मग खाऱ्या पान्याचं डबकं सांभालायचं कशाला? दरवर्षी नवीन पानी येतंय असं लेखी आण, मी बिल्डरला हिर सोडून बांधायला लावतो." शब्दाचा पक्का होता तो. तो कागद मी आणायचा असं ठरलं. आमच्या यादीत किनाऱ्यालगतच्या विहिरी होत्याच, त्यात आणखी एक घालायला प्रयोगशाळेतल्या सरांनी परवानगी दिली.

हिराकाकींनी मला पुढ्यात बसवून सांगितलं, "लिव, आमचे हिरीचा पानी लय जुना हाय. माजे सासूचे सासूचे येलचा."

"काकी, जुनं निघालं तर विहीर जाईल. दरवर्षी पाऊस आत येतोय असं दिसायला हवं. पाणी नवं हवं."

"म्हंजे तरना पायजे?"

"हो, तरणं."

"मंग तरना हाय," त्या ताबडतोब म्हणाल्या.

नमुना मे महिन्यातच घ्यायला हवा होता. उघडी विहीर, एकदा पाऊस सुरू झाला की वरून पडलेलं पाणी आणि झऱ्याचं पाणी एकत्र होतं, मग कोणाचं वय मोजणार? प्रयोगशाळेने नियमांचा एक छापील कागद दिला होता. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. तिथल्या तिथे वेळ घालून लेबल लावायचं. प्रत्येक विहिरीच्या दोन बाटल्या, एक तपासायला, एक राखीव. पेटी जागेवरच चिकटपट्टीने बंद करायची आणि प्रयोगशाळेतच उघडायची. आणि शेवटचा नियम: अंधारात चमकणारे काटे असलेलं घड्याळ जवळ बाळगायचं नाही. तसल्या जुन्या घड्याळांच्या रंगात ट्रिटियमच असतो, आणि पावसात असतो त्याच्या कितीतरी पट.

बाबांचं घड्याळ नेमकं तसलं. गावचा एक माणूस बोटीवर खलाशी होता, त्याने परदेशातून आणून दिलेलं. चावीचं, पांढरी तबकडी, हिरवट आकडे. गिरणीत दिवे गेले की खात्यातली माणसं बाबांना वेळ विचारायची, हे ते अजून सांगत. अंघोळीपुरतं ते घड्याळ मनगटावरून उतरायचं. बाबांच्या मनगटावर तेवढी एक पट्टी गोरी होती.

मी त्यांना नियम वाचून दाखवला. त्यांनी घड्याळ उतरवलं. मी माझं त्यांना दिलं, कारण वेळ लिहायचं काम मी त्यांनाच दिलं होतं. बाबा त्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. पेटी त्यांनीच उचलली. मी मागून चालत होते आणि त्यांची पाठ बघत होते. कितीतरी दिवसांनी ती सरळ दिसत होती. आजही मला बाबा आठवायचे असतील तर चेहऱ्याआधी ती पाठ आठवते, आणि नवघरच्या गल्लीतलं सकाळचं तिरपं ऊन.

विहिरीवर पहिली अडचण आली बादलीची. वर साचलेलं पाणी काढून टाकून मग नमुना घ्यायचा असा आमचा रिवाज. हिराकाकींचा रिवाज असा, की पहिली बादली विहिरीलाच परत द्यायची. तिचं तिला दिल्याशिवाय घोटभरही घ्यायचं नाही. मी विज्ञान सांगितलं, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. शेवटी बाबांनी तोडगा काढला. पहिली बादली विहिरीला, पुढच्या पंधरा मोगऱ्याला, सोळावी आमची. मी बाटली बुडवून भरली, बुडबुडा नाही ना ते उन्हात धरून पाहिलं, आणि बाबा गिरणीतल्या आवाजात ओरडले, "सात बेचाळीस!"

कुंपणापलीकडचे लोक बघायला लागले. हिराकाकी पदर तोंडाला लावून हसल्या. मग मी दुसरी बाटली भरली आणि बाबा पुन्हा ओरडले, "सात चव्वेचाळीस!" त्यांनी स्वतः लेबलं लिहिली, त्या सरळ, टाकाने काढल्यासारख्या अक्षरांत. मी पेटी बंद करून चिकटपट्टी मारली.

माझ्या वहीत त्या दोन वेळा सात चाळीस आणि सात बेचाळीस अशा आहेत. बाबांच्या मनगटावरच्या माझ्या घड्याळाकडे ओझरतं पाहून मी त्या लिहिल्या होत्या, घाईत चुकल्या असतील, असं तेव्हा वाटलं. लक्ष द्यायला हवं होतं.

बुधवारी प्रयोगशाळेत पेटी उघडली. दोन बाटल्यांच्या मध्ये चौकड्याच्या रुमालात गुंडाळलेलं बाबांचं घड्याळ होतं. चावी संपून बंद पडलेलं.

मला सगळं एका क्षणात समजलं. माझं घड्याळ दोन मिनिटं मागे पडायचं. टाइमकीपर माणूस दुसऱ्याच्या घड्याळावर विश्वास ठेवील कसा? जवळ बाळगायचं नाही म्हणजे अंगावर नको, असा अर्थ लावून त्यांनी ते पेटीत ठेवलं होतं, आणि बाटली काढता-ठेवताना त्यातच वेळ पाहून लिहिली होती. मी पेटी बंद केली तेव्हा ते आत राहिलं. घरी आल्यावर लक्षात आलं असणार, पण पट्टी लावलेली पेटी प्रयोगशाळेतच उघडायची. गिरणीचं सील ज्याने जन्मभर मोडलं नाही तो घरातलं कसं मोडणार? तीन दिवस ते शेजाऱ्यांना वेळ विचारत होते आणि मला वाटत होतं, कंटाळलेत म्हणून गप्पा मारतात.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. सरांना सांगायचं, रविवारी पुन्हा जाऊन नमुना आणायचा. पाऊस अजून लांब होता. पण त्याच सोमवारी सरांनी एका मुलाला निष्काळजीपणावरून सर्वांसमोर झापलं होतं, आणि माझ्या तात्पुरत्या नोकरीची मुदत जूनमध्ये वाढायची होती. मी घड्याळ पर्समध्ये टाकलं. बाटल्यांची झाकणं घट्ट होती, तीन दिवसांत काय होणार, असं स्वतःला समजावलं आणि एक बाटली तपासणीच्या रांगेत लावून टाकली.

संध्याकाळी घड्याळ बाबांच्या हातात दिलं. "पेटीत राहिलं होतं."

"काही बिघडलं नाही ना गो?"

"नाही."

त्यांनी चावी दिली, टीव्हीवरच्या बातम्यांशी वेळ जुळवली आणि पट्टा बांधला.

आमच्या कामात उत्तर यायला वेळ लागतो. पाणी आधी विजेच्या प्रवाहाने आटवून आटवून त्यातला ट्रिटियम गोळा करावा लागतो, मग यंत्र सावकाश मोजत बसतं. आकडा आला तेव्हा श्रावण लागला होता. एवढा मोठा, की ढगातून त्या क्षणी पडणाऱ्या पावसातही तेवढा ट्रिटियम नसतो. सरांनी भुवया वर केल्या, लाल पेनाने रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, नमुना दूषित. मला म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा घे."

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोण थांबणार होतं? जनार्दनने गणपतीपर्यंतची मुदत दिली होती, आणि ती त्याने पाळली.

मी आणि बाबा काकींकडे गेलो. अंगण चिखलाने भरलं होतं आणि विहीर काठाला आली होती, हाताने पाणी घ्यावं इतकी. मी तोंड उघडायच्या आधी बाबा म्हणाले, "वहिनी, चूक माझी. माझं घड्याळ पेटीत राहिलं. पोरीने बजावलं होतं मला." हिराकाकी माझ्याकडे बघत राहिल्या. मी पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत होते. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

गणपतीनंतर विहिरीत डबर पडलं. दोन ट्रक लागले. मी बघायला गेले नाही, बाबा गेले होते. घरी येऊन ते म्हणाले, "अकरा पाचला सुरू केलं. साडेतीनला संपलं." मग जेवायला बसले आणि नुसता भात चिवडत राहिले.

माझी मुदत वाढली. पुढे कायमही झाले. राजस्थानातल्या वाळूखालचं पाणी मोजलं, हजारो वर्षांपूर्वीचं. ते ट्रिटियमने मोजत नाहीत, त्याला कार्बन लागतो. डोंगरातले झरे मोजले, कालपरवाच्या पावसाचे. लोक वय ऐकून हरखतात, जुनं निघालं की जास्तच. आणि प्रत्येक वेळी आकडा सांगताना माझ्या डोळ्यांसमोर त्या दहा मिनिटांवरच्या विहिरीची कोरी जागा येते. ती म्हातारी होती की तरणी, कुणालाच कळलं नाही आणि आता कळणारही नाही.

राखीव बाटली सरांनी टाकून द्यायला सांगितली होती. मी ती घरी आणली. घरं बदलली, लग्न झालं, आई गेली, बाटली माझ्याबरोबर राहिली. बाबा नऊ वर्षांपूर्वी गेले. घड्याळ त्यांनी आधीच माझ्या हातात दिलं होतं, "तुझं दोन मिनिटं मागे पडतं," असं म्हणून. काटे आता अंधारात दिसत नाहीत. मला बाबांची आठवण येते म्हणजे नेमकं काय होतं? कुणीतरी मला "कसं गो?" असं विचारावं असं वाटतं, आणि घरात कुणी विचारत नाही. मुलाला सगळं मोबाइलवर कळतं.

यंदा मे महिन्यात मला राहवलं नाही. वीस वर्षं गिळलेली गोष्ट घशाशी आली होती. घड्याळाला चावी दिली, मनगटावर बांधलं, बाटली पिशवीत घातली आणि नवघरला गेले. जुनं गाव शोधावं लागतं आता. हिराकाकी त्याच जागेवरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे.

मी सगळं सांगितलं. पेटी बुधवारीच उघडली होती, घड्याळ मला बुधवारीच सापडलं होतं, रविवारी पुन्हा येता आलं असतं, मी घाबरले आणि गप्प बसले. बाबांना मी ते कधीच सांगितलं नाही. त्यांनी माझी चूक स्वतःची समजून उरलेले दिवस काढले. सांगता सांगता मला रडू आलं, चाळिशी उलटलेली बाई मी.

हिराकाकींनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "मना म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"तुजा बाबा आलता. हिर बुजवली त्याचे दुसरे दिवशी. एकटाच. बोल्ला, वैनी, घड्याल मना बुधवारी हातात मिललं. बुधवारचे मागून रविवार येतो, येवडा मना कलतो. पोरगी भ्यायली. तिला काय बोलू नका, माजे नावावर ऱ्हाऊ द्या."

खाली कुणाचीतरी मोटरसायकल सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली.

"मना राग आलता," काकी म्हणाल्या. "लय आलता. तुजे आयेला दोन वर्सं वलख दिली न्हाय मी. पन तुला बोल्ली कंदी? त्याला सबूद दिलता. तो बोल्ला, ती येईल आपल्या पायानं. लय येल लावलास गो."

म्हणजे मी "नाही" म्हटलं त्याच संध्याकाळी त्यांना कळलं होतं. टीव्हीशी काटे जुळवताना कळलं होतं. दिवस मोजणं तर त्यांचा धंदाच होता. आणि मी पुन्हा जाते म्हणेन म्हणून त्यांनी तो रविवारही वाट पाहिली असेल. त्या रविवारी मी उशिरापर्यंत झोपले होते, एवढं मला आठवतं.

मी पिशवीतून बाटली काढली. लेबल पिवळं पडलंय, अक्षर तसंच आहे. सकाळी सात चव्वेचाळीस. त्यातला ट्रिटियम आता तिसऱ्या हिश्शावर आला असेल, विहिरीचाही आणि बाबांच्या घड्याळाचाही. त्यातला कुठला विहिरीचा आणि कुठला बाबांचा, हे वेगळं काढायची रीत आमच्याकडे नाही.

काकींनी बाटली उलटीपालटी करून पाहिली, मग काठी शोधली. "चल खाली."

जिने उतरायला आम्हाला बराच वेळ लागला. पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मध्ये त्या थांबल्या आणि काठी फरशीवर आपटली. "हितं." मी झाकण उघडलं. वीस वर्षं घट्ट बसलेलं, जोर लावावा लागला. काकींनी ओंजळ पुढे केली, मी थोडं पाणी ओतलं, आणि त्यांनी ते वाकून फरशीवर सोडलं. पहिलं पाणी विहिरीला. फरशीच्या सांध्यातून ते हळूहळू आत गेलं. मग त्यांनी ओली बोटं जिभेला लावली.

"गोडच हाय," त्या म्हणाल्या. आणि मग, "येल लिवलीस का?"

मी मनगट वर केलं. आता ते घड्याळ पाण्याजवळ नेल्याने कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.

"पाच सोळा!" मी ओरडले. गेटवरचा वॉचमन खुर्चीवरून उठून बघायला लागला.